झोपलेल्या यंत्राची भूक

‘सेल किती दिवस पुरतील? मल्टिमीटर लाव, प्रवाहाचा आकडा वाच, सेलच्या क्षमतेला त्याने भाग, झालं!’ गच्चीवरच्या टाकीतली पातळी दर १० मिनिटांनी वायफायवरून कळवणारं यंत्र जोडलं, तेव्हा मलाही एवढंच सोपं वाटलं होतं. दोन निरोपांच्या मधे ते झोपतं, म्हणजे जवळपास बंद असतं; तेव्हा मीटरवर १० मायक्रोॲम्पिअर. एकापुढे एक जोडलेले दोन पेन्सिल सेल, क्षमता साधारण २००० मिलिॲम्पिअर-तास. भागाकार केला तर जवळपास २३ वर्षं! पडून राहिलेला सेलसुद्धा इतका टिकत नाही.

शिवाय मीटर जोडलेला असेपर्यंत यंत्र जागंच होईना. मीटर काढला की सुरळीत.

गोम शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे. मीटर प्रवाहाच्या वाटेत एक छोटा रोध घालतो, शंट म्हणतात त्याला, आणि त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजतो. मायक्रोॲम्पिअरच्या रेंजवर हा रोध १०० ओहमच्या आसपास असू शकतो. १० मायक्रोॲम्पिअरला त्यावर फक्त १ मिलिव्होल्ट पडतो. यंत्राला पत्ताही लागत नाही. पण वायफाय चालू होताना लागतात ८० मिलिॲम्पिअर. म्हणजे शंटवरच ८ व्होल्ट पडायला हवेत, आणि सेल मिळून देतात ३! यंत्राचा घसा तिथेच आवळला जातो. बरं, १ ओहमचा शंट घ्यावा, तर झोपेतला प्रवाह १० मायक्रोव्होल्ट एवढाच उमटतो. साध्या मीटरला तो दिसतच नाही.

मग झोप वेगळी मोजली. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, ३ व्होल्टला भरला, सेल काढले, यंत्र त्यावर झोपवलं. ३० सेकंदांत ०.३ व्होल्ट उतरला. १००० गुणिले ०.३, म्हणजे ३०० मायक्रोकुलोम विद्युतभार; भागिले ३० सेकंद, म्हणजे १० मायक्रोॲम्पिअर. (१० मेगाओहमचा व्होल्टमीटरही त्यातला ०.३ मायक्रोॲम्पिअर पितो, आणि कपॅसिटर स्वतः थोडा गळतो, ते वेगळंच.)

आता बेरीज. दहा मिनिटांच्या झोपेला ६ मिलिकुलोम, दोन सेकंदांच्या जागेपणाला १६०. तेवीस वर्षांचे झाले दहा महिने.

मग सेल जास्त टिकवायचे कसे? लहानपणी रेडिओचे सेल आम्ही उन्हात ठेवायचो. उन्हाने सेल चार्ज होत नाही. उबेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, इतकंच. मोबाइलला चिकटवायचे ‘बॅटरी वाचवणारे’ स्टिकर तर तेवढंही करत नाहीत.

मी यंत्र जागं होण्याचं अंतर ३० मिनिटांवर नेलं. हिशेबाने सव्वादोन वर्षं. टाकी अर्ध्या तासात रिकामी होत नाही, निदान घरात पाहुणे नसताना.