आजारपणाचा पगार : प्रश्न आठवड्यांचा

चार दिवसांच्या तापाला रजा पुरते. क्षय, कॅन्सर किंवा मोडलेला मणका असेल तर रजा संपते, आजार नाही. म्हणून आजारपणातल्या पैशाच्या इतिहासात 'किती' यापेक्षा 'किती आठवडे' यावरच जास्त भांडणं झाली.

कायदे नव्हते तेव्हा इंग्लंडमधल्या कामगारांनी परस्पर साहाय्य मंडळं काढली होती. दर आठवड्याला काही पेनी वर्गणी. अंथरूण धरलं की मंडळ पैसे देणार. मंडळाचा माणूस घरी येऊन बघून जायचा, सभासद खरंच खाटेवर आहे की गुत्त्यात. बऱ्याच मंडळांत आजार लांबला की रक्कम निम्म्यावर यायची, मग पाववर. गरज वाढत जाणार आणि पैसा आटत जाणार! पण मंडळांचाही नाइलाज होता. काही सभासद वर्षभर पडून राहिले तरी गंगाजळी आटायची.

बिस्मार्कच्या जर्मनीने १८८३ मध्ये आजारविमा सक्तीचा केला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. निम्मा पगार मिळायचा, पण १३ आठवडेच. १९०३ मध्ये त्याचे २६ झाले. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यातही २६ आठवडेच होते. कामगाराचे चार पेनी, मालकाचे तीन, सरकारचे दोन, आणि कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवायचं. आजारी पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग, बाईला साडेसात. पहिले तीन दिवस कोरडे. २६ आठवड्यांनंतर हातात पाचच शिलिंग.

जर्मनीत कारकुनांना आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मिळे, कामगारांना नाही. हा पंक्तिप्रपंच मोडायला श्लेस्विग-होल्श्टाइनमधल्या धातुकामगारांनी ऑक्टोबर १९५६ पासून १६ आठवडे संप केला. तरीही कायद्याने पुरती बरोबरी व्हायला १९७० उजाडलं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ च्या करारात किमान ४५ टक्के वेतन आणि २६ आठवडे असं प्रमाण ठरवलं. १९६९ मध्ये ते ६० टक्के आणि ५२ आठवड्यांवर नेलं.

जर्मनीत आता सहा आठवड्यांनंतर आजारविमा निधी साधारण ७० टक्के देतो. एकाच आजाराला तीन वर्षांत फार तर ७८ आठवडे. त्यानंतर गाठ काम न जमणाऱ्यांना पेन्शन देणाऱ्यांशी, आणि ते विचारतात, दिवसाला तीन तास तरी काम जमेल का?