फेरिटिन भरपूर, तरीही रक्तात लोह कमी

डायलिसिस नुकतेच सुरू झालेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८ आणि फेरिटिन मात्र ६०० दिसले की, एवढे लोह असूनही रक्त का वाढत नाही, असा प्रश्न घरच्यांना पडतो. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन असले तरी शरीरात कुठेही दाह (संसर्ग किंवा इजेमुळे होणारी सूज, इन्फ्लमेशन) असला की, साठ्यात भर न पडताही त्याची रक्तातील पातळी चढते; आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत असा दाह बहुधा असतोच.

खरी सूत्रे हेप्सिडिन या यकृतात तयार होणाऱ्या, अवघ्या २५ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाकडे असतात. तांबड्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला रोज सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले अन्नातून येते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. उरलेले, म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडणाऱ्या प्लीहेतील आणि यकृतातील भक्षकपेशींकडून परत मिळते. या पेशींतून लोह बाहेर पडण्याचे एकमेव दार म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. हेप्सिडिन त्याला चिकटते, त्याला पेशीच्या आत ओढून नष्ट करवते आणि लोह आतच अडकते. जंतूंना लोह मिळू नये यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण दाह कायमचा असेल आणि हेप्सिडिन बाहेर टाकणारी मूत्रपिंडेच थकली असतील, तर अस्थिमज्जा उपाशी राहते. म्हणूनच लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन किती टक्के भरलेले आहे, हेही पाहावे लागते. ते २० टक्क्यांखाली असणे हे कमतरतेचे लक्षण मानतात.

आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात येण्याचे दारही फेरोपोर्टिनच असल्याने, ते अडले की गोळ्यांतले लोहही आतड्यातून नीट शोषले जात नाही. अशा वेळी बीट, खजूर किंवा ‘रक्तवर्धक’ चूर्णांच्या जाहिरातींवर विसंबणे व्यर्थच नव्हे, तर धोक्याचे आहे, कारण बीट-खजुरातील पोटॅशियम या रुग्णांच्या हृदयाची लय बिघडवू शकते.

फेरिटिन चढलेले आणि ट्रान्सफेरिन रिकामे असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते; मात्र त्यामागे लोह किती आणि दाह किती, हे नुसत्या निरीक्षणातून ठरत नाही. ब्रिटनमधील ‘पिव्होटल’ चाचणीने २०१९ मध्ये याचे काही उत्तर दिले. हीमोडायलिसिसच्या पहिल्या वर्षातील २१४१ रुग्णांपैकी निम्म्यांना दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह शिरेतून दिले आणि फेरिटिन ७०० च्या वर गेले किंवा ट्रान्सफेरिन ४० टक्के भरले तर थांबवले. इतरांना पातळी खालावल्यावरच दिले. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात भरती, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात २९.३ टक्के, तर दुसऱ्यात ३२.३ टक्के होते, आणि जंतुसंसर्ग वाढला नाही. मात्र सुरुवातीलाच फेरिटिन ४०० च्या वर असलेले रुग्ण चाचणीत नव्हते. त्यांच्या बाबतीत आधी दाहाचे मूळ, विशेषतः कॅथेटरचा (डायलिसिससाठी शिरेत बसवलेल्या नळीचा) संसर्ग, शोधणे महत्त्वाचे ठरते.