डोळे आलेत की नागीण उठलीय?

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, होऊन गेली की इंदूरमध्ये आठवडाभर कुणाचाही डोळा लाल दिसो, निदान ठरलेलं: रंग गेला असेल, नाहीतर डोळे आले असतील. रामबागेतल्या आमच्या काकूंचंही तेच झालं. उजवा डोळा लाल, पापणी सुजलेली. औषधाच्या दुकानातून थेंब आले, गुलाबपाण्याच्या घड्या सुरू झाल्या. उजव्या बाजूला केसांतून कंगवा फिरवला तरी आग होते, असं त्या दोन दिवस आधीपासून सांगत होत्या. त्याचा डोळ्याशी संबंध कुणी जोडला नाही. मग कपाळावर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला.

डोळे येणं बाहेरून लागतं. बहुतेकदा अ‍ॅडिनोव्हायरस, हातावरून नाहीतर टॉवेलवरून. एका डोळ्यात सुरू होतं आणि दोन-चार दिवसांत बहुधा दुसऱ्यातही उतरतं. खुपतं, पाणी गळतं, सकाळी पापण्या चिकटतात, पण जोराचं दुखणं सहसा नसतं. एक-दोन आठवड्यांत आवरतं. २०२३ च्या पावसाळ्यातली साथ अजून सगळ्यांना आठवत असेल.

नागीण आतून उठते. लहानपणी कांजिण्या, म्हणजे इकडच्या बोलीत माता, येऊन गेली तरी तिचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती खालावली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर पडतो. ही वाट चेहऱ्याच्या वरच्या फाट्याची असली तर कपाळ, टाळू आणि वरची पापणी सापडते, तीही एकाच बाजूची. आधी आग आणि ठणका, फोड मागून. नागिणीची दोन टोकं मिळाली की माणूस जातो, असं आजी सांगायची. प्रत्येक मज्जातंतू आपापल्या बाजूचा असतो, त्यामुळे फोड सहसा मधली रेघ ओलांडतच नाहीत.

डोळ्याइतकंच नाकही पाहा. नाकाच्या शेंड्याला जाणारा मज्जातंतू डोळ्याच्या आतही जातो, म्हणून शेंड्यावर फोड आला की डोळा सापडण्याची शक्यता बरीच वाढते. ही खूण एकोणिसाव्या शतकातल्या हचिन्सन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. मात्र नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा सुटला असं नाही.

नागीण डोळ्यात उतरली की बुबुळावर सूज, व्रण, आतल्या पडद्याचा दाह, डोळ्याचा दाब वाढणं, क्वचित दृष्टिपटलालाही इजा. यातलं काही तर फोडांच्या खपल्या पडून गेल्यावर, काही आठवड्यांनी उगवतं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बुबुळ बधिर होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, हा हिशोब डोळे येण्यात चालतो. इथे व्रण वाढत असतो आणि माणसाला पत्ता नसतो.

म्हणून घाई. असायक्लोव्हिरसारखी गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर उत्तम. प्रौढांना साधारण ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस, अर्थात डॉक्टर सांगतील तशी. डोळा सापडला असल्यास उशीर झाला तरी देतात. स्टेरॉइडचे थेंब नागिणीतही लागतात, पण ते नेत्रतज्ज्ञाने तपासून द्यायचे. दुकानदाराने दिलेले नकोतच, कारण नागिणीच्याच हर्पिस कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा व्रण असला तर त्यांनी तो भडकतो. कपाळावर गेरू फासणाऱ्यांना मी हात जोडते.

टॉवेल वेगळा दोन्हींत ठेवा, पण कारण निराळं. डोळे घरभर पसरतात. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या मात्र होतात, तेव्हा तान्ही बाळं आणि गरोदर सुना लांब. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते.

काकूंच्या डोळ्याला आता लाली नाही. तरी प्रत्येक तपासणीत डॉक्टर कापसाची वात बुबुळाला हलकेच लावतात. डावा डोळा झटकन मिटतो. उजवा उघडाच राहतो, आणि काकू विचारतात, "लावली का हो?"