एकात कारागीर मरतो, दुसऱ्यात वेष्टण विरघळतं

राजारामपुरीत आमच्या शेजारच्या काकींच्या लेकीला मागच्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं. परवा काकी दारात आल्या त्या तांब्याची कळशी घेऊनच. "सर, उंदरांच्या अंगातलं तांबं कमी केलं की त्यांना एमएस हुतो म्हणं. पोरीला ह्यातलंच पाणी दिऊ का? का तिनं कायतरी विषारी खाल्लं असंल?"

दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे. त्यांनी वाचलं होतं ते क्युप्रिझोनबद्दल, आणि मधेच लायसोलेसिथिनही आलं होतं; दोन्ही प्रयोगशाळेत उंदरांवर वापरतात. दोन्ही पदार्थांनी उंदरांच्या मज्जातंतूंवरचं मायलिन, म्हणजे त्यांच्यावरचं चरबीचं वेष्टण, जातं, म्हणून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. पण जाण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगला टाकली की तिथं तांब्याच्या तारेचं टोक ब्लेडनं खरवडताना दिसतं. एनॅमल निघतं, आतलं तांबं चकाकतं. लायसोलेसिथिन साधारण असंच काम करतं. ते साबणासारखं मायलिनच्या चरबीत शिरतं आणि त्याचे पापुद्रे सुटे करतं. सोयाबीनमधल्या लेसिथिनचीच ही एक शेपूट तुटलेली बहीण. नागाच्या विषातलं एक एन्झाइम ही शेपूट तोडतं. संशोधक त्याचं साधारण 1 टक्क्याचं द्रावण सुईनं पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत एका जागी सोडतात. जखम तिथंच होते आणि तिचा दिवस ठाऊक असतो.

क्युप्रिझोन मायलिनला हात लावत नाही. ते खाद्यात मिसळतात, बहुधा 0.2 टक्के, आणि ते तांबं धरून ठेवतं. त्याचा पहिला फटका ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशींना बसतो, म्हणजे वेष्टण गुंडाळणाऱ्या कारागिरांना. त्या आठवड्याभरात मरू लागतात. मायलिन मागाहून जातं आणि 5-6 आठवड्यांत मेंदूचे दोन भाग जोडणारा कॉर्पस कॅलोसम बराचसा उघडा पडतो. मायलिनला निळं करणारा लक्सॉल फास्ट ब्लू हा रंग लावलेल्या मेंदूच्या कापांवर जिथं गडद निळा पट्टा हवा, तिथं फिकटपणा येतो. खाद्य बदललं की थोड्याच आठवड्यांत निळं परत येतं. 12 आठवडे चालू ठेवलं तर मात्र दुरुस्ती रेंगाळते.

दुरुस्ती पाहायची असेल तर मला लायसोलेसिथिन अधिक भरवशाचं वाटतं. क्युप्रिझोन चालू असतानाच नव्या पेशी कामाला लागलेल्या असतात. मोडणं आणि बांधणं एकमेकांत मिसळतं. कारागीर का मरतात, हा प्रश्न असेल तर क्युप्रिझोनच हवं.

आता काकींची खरी चूक. माणसाच्या एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मायलिनवर चालून येते. क्युप्रिझोनमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत बहुतेक शाबूत राहते, लढाऊ टी-पेशी फारशा येतच नाहीत. म्हणजे या विषांनी उंदराला एमएस होत नाही. एमएसमधला एक तुकडा, मायलिन जाण्याचा आणि परत येण्याचा, वेगळा काढून दाखवता येतो. हल्ल्याचा भाग पाहायला ईएई नावाचं तिसरं मॉडेल वापरतात, त्यात प्राण्याची प्रतिकारशक्तीच मायलिनवर सोडतात. तांब्याच्या कळशीचा इथं काहीच संबंध नाही.

काकींनी मग विचारलं, "म्हंजे पोरीचं परत भरंल का?"

तारेपेक्षा मज्जातंतू इथं सुदैवी आहे: शरीर थोडंफार मायलिन परत चढवतं, वय वाढेल तसं कमी. लायसोलेसिथिनच्या जखमेत क्लेमास्टिन या जुन्या ॲलर्जीच्या औषधानं ही दुरुस्ती वेगानं झाली, म्हणून ते माणसांत तपासलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 50 रुग्णांच्या चाचणीत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश सरासरी 1.7 मिलिसेकंद लवकर पोहोचू लागला. तेवढंच. काकींची लेक सध्या घेते ते औषध हल्ला रोखण्यासाठी आहे, आणि ते चुकवायचं नाही. मायलिन परत चढवणारं मान्यताप्राप्त औषध अजून आलेलं नाही.