पॅरासेलिंगच्या परवान्याचा अर्ज: फाईल अडते ती दोराच्या कागदावर

गेल्या पावसाळ्यात मालवणजवळच्या देवबागचा एक तरुण बोटवाला पॅरासेलिंगच्या, म्हणजे ओढून वर चढवलेल्या पॅराशूटला लटकवून पर्यटकांना उडवण्याच्या, परवान्याची फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आला. बोटीची नोंदणी होती, सर्व्हे म्हणजे बोटीच्या तपासणीचा कागद होता, विमा होता, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला होता. तरी फाईल परत आली होती. शेरा एका ओळीचा: पॅराशूट ओढणाऱ्या दोराची कागदपत्रं जोडलेली नाहीत. त्याच्या मते ती जोडलेली होती. मी पानं उलटली तर मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचं बिल निघालं. त्यावर लिहिलं होतं, "नायलॉन दोर, 9 किलो".

आपल्याकडे दोर किलोवर मिळतो, त्यात दुकानदाराची चूक नाही. जाळ्याला आणि नांगराला तो चालतो. पण ज्या दोरावर माणूस हवेत लोंबकळणार, तो किती ताण सोसतो हे वजनावरून कळत नाही. त्या पोराचा पूर्ण सप्टेंबर आणि निम्मा ऑक्टोबर गेला. दिवाळीचे पर्यटक डोळ्यांसमोरून दुसऱ्यांच्या बोटींवर गेले. असं आणखी कोणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे पक्कं करा की दारं दोन आहेत. पहिलं दार महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचं, म्हणजे आपली जुनी माणसं अजूनही ज्याला बंदर खातं म्हणतात ते. बोट, तिचा सर्व्हे, नोंदणी, चालवणाऱ्याची पात्रता, विमा आणि जागा हे सगळं तिथे तपासलं जातं. अर्ज तुमच्या बंदर निरीक्षकामार्फत प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे जातो. दुसरं दार पर्यटन संचालनालयाचं. 24 ऑगस्ट 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरच्या साहसी उपक्रमांना तिथे नोंदणी लागते. आधी तात्पुरतं प्रमाणपत्र, मग अंतिम. एका दाराची पावती दुसऱ्या दारात चालत नाही. "बंदर खात्याचा परवाना आहे, मग हे कशाला?" हा प्रश्न मला दर हंगामात ऐकायला मिळतो. उलट बाजूने वाळूवर जीपने पॅराशूट ओढणारे म्हणतात, "आमची बोटच नाही, तर आम्हाला काय लागतं?" जीपला बोटीचा सर्व्हे लागत नाही हे खरं, पण पर्यटन नोंदणी चुकत नाही. आणि खाली पाणी नसताना पडणाऱ्याचं काय होतं, ते सांगायला नको.

आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची ना हरकत, पोलिसांचा दाखला, लाइफ जॅकेटांची यादी, प्रथमोपचार पेटी, सुटका बोटीचा तपशील: हे नेहमीचं आहे आणि बहुतेकांकडे असतं. एवढंच बघा की अर्जात उपक्रमाचं नाव स्पष्ट "पॅरासेलिंग" असं लिहिलंय. "वॉटर स्पोर्ट्स" असं मोघम लिहिलं की बनाना राइडची परवानगी हातात पडते आणि माणूस तिच्यावर पॅराशूट उडवायला लागतो. अपघात झाला की तो कागद तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

आता जिथे फाइली खरोखर अडतात तिथे येतो.

पहिली अडचण बोटीवर नंतर बसवलेल्या विंचची, म्हणजे दोर सोडणाऱ्या आणि गुंडाळून घेणाऱ्या यंत्राची. याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. ओढून वर चढवायचं पॅराशूट फ्रान्सच्या पिएर लेमोयन्य यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. त्याच्या कापडाला मागे आणि बाजूंना फटी ठेवल्या होत्या, त्यामुळे ते ओढलं की वर जायचं आणि वळवताही यायचं. पर्यटकांसाठी ते आलं तेव्हा माणूस वाळूवर पळत सुटायचा, दोर ठरावीक लांबीचा असायचा आणि उतरणं वाऱ्याच्या मर्जीवर. 1970 च्या दशकात अमेरिकेत बोटीवर विंच आणि मागच्या बाजूला उड्डाणाचा मंच बसवायला लागले. माणूस बोटीवरूनच वर जातो आणि बोटीवरच परत ओढून घेतला जातो. वाळूवरची धावपळ संपली, त्यातली पडझडही संपली. पण सगळा भार बोटीवर आला. मागे जड यंत्र, वरून पॅराशूटची ओढ, आणि वारा बाजूने आला की बोट कलते.

आपल्याकडे बरेच जण मुंबईहून किंवा गोव्याहून जुनी प्रवासी बोट घेतात आणि गावच्या फॅब्रिकेटरकडून तिच्यावर विंच बसवतात. नोंदणीच्या कागदात ती साधी प्रवासी बोटच राहते. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 प्रमाणे बोटीत असा मोठा बदल केला तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि बदललेल्या बोटीला जुना सर्व्हे पुरत नाही. सर्व्हेअरने विंच पाहिला आणि कागदावर तो नाही, की तिथेच थांबलं. म्हणून क्रम असा ठेवा: बोट विकत घेतली की आधी मालकी तुमच्या नावावर, मग बदलाची परवानगी, मग विंच, मग सर्व्हे. हा क्रम उलटा केलेल्यांना विंच उतरवून पुन्हा बसवावा लागलेला मी पाहिलाय. त्या खर्चात नवा दोर आणि नवं कॅनोपीचं, म्हणजे पॅराशूटच्या छताचं, कापड आलं असतं.

दुसरी अडचण दोराची, आणि सगळ्यात जास्त माणसं हिच्यातच अडकतात. डिसेंबर 2018 मध्ये रायगडमधल्या मुरुडला पॅरासेलिंग करताना पुण्याचा एक शाळकरी मुलगा दगावला. नोव्हेंबर 2021 मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोर तुटून एक जोडपं समुद्रात पडलं. त्याच महिन्यात अलिबागजवळ वरसोलीला दोन स्त्रिया तशाच पडल्या. दीव आणि वरसोलीची माणसं पाण्यात पडली आणि अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून वाचली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, 2014 मध्ये पॅरासेलिंगवर खास अहवाल काढला, त्यातही जोर दोरावर आणि वाऱ्यावरच आहे. त्याच वर्षी तिथे एएसटीएम या मानक संस्थेचं एफ 3099 हे पॅरासेलिंगसाठीचं मानक आलं. आपल्या अर्जात त्या मानकाचा नंबर लिहून भागत नाही. तपासणाऱ्याला तुमच्या दोराचा कागद हवा असतो.

तो कागद म्हणजे उत्पादकाचं प्रमाणपत्र. त्यावर दोर कशाचा आहे, जाडी किती, किती ताणाला तुटतो आणि कोणत्या खेपेचा आहे, हे सगळं असलं पाहिजे. दुकानदार देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, पण बिलावर समाधान मानू नका. आणि प्रमाणपत्रावरचा आकडा नव्या, कोरड्या, सरळ दोराचा असतो, हे लक्षात ठेवा. नायलॉन ओला झाला की त्याची ताकद थोडी घटते. गाठ मारली की त्या जागी साधारण 30 ते 40 टक्के ताकद जाते. ऊन, मीठ आणि वाळू रोज आपला वाटा घेतात.

त्या पोराच्या दोराचं पॅराशूटकडचं टोक मी हातात घेतलं होतं. बाहेरून मऊ, पांढरी लव आलेली. पीळ उलगडला तर आतून मिठाचे कण सांडले आणि बोटांना बारीक भुसा लागला. वीतभर पुढे एक कडक, चकचकीत पट्टा होता, घासून तापल्याची खूण. तो म्हणाला, "काका, हा तर गेल्या दिवाळीतच घेतलाय." वर्ष झालं नव्हतं, पण दिवसाला तीस-चाळीस उड्डाणं तो दोर करत होता. म्हणून दोराचं वय महिन्यांत मोजू नका, उड्डाणांत मोजा.

यासाठी एक साधी दोनशे पानी वही घाला. दोर कधी बसवला, आज किती उड्डाणं झाली, टोकाचा झिजलेला भाग कधी आणि किती फूट कापला, गाठ कोणी मारली, कधी बाद केला. हार्नेसचे, म्हणजे उडणाऱ्याच्या अंगाला बांधायचे पट्टे, त्यांची शिवण, कड्या आणि कॅनोपीच्या दोऱ्या यांचीही हीच नोंद. रोजच्या ओळीखाली सही. अर्जात या वहीच्या पानांच्या प्रती लावल्यात तर तपासणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. मात्र एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते. तसं करू नका.

तिसरी अडचण सुरक्षा कार्यपद्धतीच्या टिपणाची, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. सायबर कॅफेवाल्याकडे एक तयार नमुना असतो आणि गावभर तोच फिरतो. तारकर्लीच्या अर्जात "अलिबाग किनाऱ्यावर" असं राहिलेलं मी स्वतः पाहिलंय. त्यातलं नेहमीचं वाक्य असतं, "योग्य हवामान पाहून उपक्रम घेण्यात येईल." योग्य म्हणजे किती? आकडा लिहा.

आकडा कुठून आणायचा यासाठी फ्लोरिडाचा कायदा बघा. दोन पर्यटक तरुणींच्या मृत्यूनंतर त्यांच्या आडनावांनी तो झाला, व्हाइट-मिस्केल कायदा, आणि 1 ऑक्टोबर 2014 पासून लागू आहे. वाऱ्याचा सततचा वेग ताशी 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर, याच्या वर गेला की पॅरासेलिंग बंद. झोत, म्हणजे मध्येच येणारा जोराचा वारा, ताशी 25 मैलांच्या, म्हणजे 40 किलोमीटरच्या वर गेला तरी बंद. वेग मर्यादेत असला पण झोत त्याहून ताशी 15 मैलांनी जास्त असला तरीही बंद. पावसाने किंवा धुक्याने अर्ध्या मैलापलीकडचं दिसत नसेल, किंवा विजांचं वादळ सात मैलांच्या आत आलं असेल, तरी बंद. हा आपल्याकडचा कायदा नाही. पण टिपणात असे आकडे घातलेत आणि सोबत हातात धरायच्या ॲनिमोमीटरचं, म्हणजे वारा मोजायच्या यंत्राचं, बिल जोडलंत, तर तुम्ही विचार करून लिहिलंय हे दिसतं. वारा दुप्पट झाला की कापडावरची ओढ चौपट होते. सकाळी नऊला मजेत उडणारं पॅराशूट दुपारी तीनला, खारा वारा भरात असताना, तोच दोर तोडू शकतं ते यामुळे.

याच टिपणासोबत जागेचा नकाशा लागतो, आणि तो हाताने काढलेल्या चौकोनावर भागत नाही. अक्षांश-रेखांश द्या, पोहणाऱ्यांची जागा दाखवा आणि दुपारच्या वाऱ्याची दिशा बाणाने दाखवा. 2013 मध्ये फ्लोरिडात पनामा सिटी बीचला दोर तुटला आणि दोन मुली वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे गेल्या, इमारतीवर आणि विजेच्या तारांवर आदळल्या. आपल्याकडेही दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडेच येतो. दोर सुटला तर पर्यटक सुरूच्या बनात किंवा तारांवर जाणार की पाण्यातच पडणार, हे किनाऱ्यापासून किती लांब उडवता यावर ठरतं. नकाशात ते अंतर लिहा आणि बोटीवर पाळा.

चौथी अडचण विम्याची. पॉलिसी हातात असते, पण ती बोटीची असते. बारीक अक्षरं वाचलीत तर संरक्षण "बोटीवरील प्रवाशांना" असतं. कॅनोपीला लटकलेला माणूस बोटीवर असतो का? विमा कंपनीला हे आधी लेखी विचारा आणि पॅरासेलिंगचा उल्लेख पॉलिसीत किंवा जोडपत्रात करून घ्या. एजंट "होऊन जाईल" म्हणाला तर ऐकू नका. अपघात झाल्यावर दुखावलेल्या माणसाच्या घरच्यांसमोर तो एजंट नाही, तुम्ही उभे असता.

माणसांच्या कागदात गोची बहुधा नावाची होते. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं जीवरक्षणाचं किंवा पॉवरबोट चालवण्याचं प्रमाणपत्र पोराने घेतलेलं असतं, पण त्यावर वडिलांचं नाव नाही आणि आधारवर आडनाव वेगळ्या स्पेलिंगचं. प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आणि दोन माणसं दाखवा. तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्याची, नजर पुढे पाहिजे आणि वर लटकलेल्या माणसावर सतत कोणाची तरी नजर पाहिजे, ही दोन कामं एका माणसाची नाहीत.

आता तारखा. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, म्हणून लोक समजतात की अर्जाची वेळ 1 सप्टेंबरला सुरू होते. ती बोट पाण्यात उतरवायची तारीख आहे. सर्व्हेअर एक आणि किनारा लांब, त्यामुळे सप्टेंबरात अर्ज केलेल्याचा नंबर दिवाळीनंतर लागतो. जूनमध्ये बोट वर ओढून शाकारलीत की त्याच आठवड्यात कागदाला लागा. दुसरी चूक मुदतीची. परवान्यावर एक तारीख असते, सर्व्हेवर दुसरी, विम्यावर तिसरी. जी सगळ्यात आधी संपते, त्या दिवशी तुमचं काम थांबलं असं समजा. परवाना मार्चपर्यंत असला आणि विमा जानेवारीत संपला, तर फेब्रुवारीतलं प्रत्येक उड्डाण विनापरवाना धरलं जाऊ शकतं.

कार्यालयाबद्दलही बोलायला हवं. खिडकीवर एकदा एक त्रुटी सांगायची, ती भरून आणली की दुसरी, मग तिसरी, ही पद्धत बोटवाल्याचा हंगाम खाते. पंधरा त्रुटी असतील तर पंधराही पहिल्याच दिवशी लिहून द्यायला काय हरकत आहे? तुम्ही मात्र तोंडी त्रुटीवर परत फिरू नका. अर्ज दाखल करा, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि "सर्व त्रुटी एकत्रित लेखी कळवाव्यात" असं एक ओळीचं पत्र सोबत जोडा. उत्तर देताना त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक वर लिहा आणि प्रत्येक त्रुटीसमोर कोणत्या पानावर काय जोडलंय ते नोंदवा. देवबागच्या त्या पोराची फाईल दुसऱ्यांदा अशीच गेली: दोराचं प्रमाणपत्र पान 14 वर, वहीच्या प्रती पान 15 ते 22.