पित्त समजून रात्र काढू नका

तासगावातल्या आमच्या कार्डिओग्राम व रक्त तपासणी केंद्राकडून, ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

छातीत आत्ता दुखत असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, हे पत्रक बाजूला ठेवा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. आमच्याकडे येऊ नका. आम्ही कार्डिओग्राम काढून देऊ, पण हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी करायची सोय आमच्याकडे नाही. ती मोठ्या दवाखान्यात आहे. इथून मिरज-सांगली गाठायलाच अर्धा-पाऊण तास जातो, त्यात आमच्या बाकावर नंबर लावून बसण्यात वेळ घालवू नका.

हे इतकं कळकळीनं लिहायला कारण आहे. मागे एकदा थंडीत सकाळी सातला शटर वर केलं, तर पायरीवर आमचे नेहमीचे एक बागायतदार बसलेले. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येणारे. रात्री दोनपासून छातीत भरून आलं होतं. घरात ओवा खाल्ला, मग सोडा घेतला, जरा बरं वाटलं, परत दुखायला लागलं. एवढ्या रात्री कुणाला उठवायचं म्हणून उजाडायची वाट बघितली आणि स्वतःच मोटारसायकल चालवत आले. "पित्तच हाय, पण एकदा बघून घ्या," म्हणाले. बाहेर कडाक्याची थंडी, आणि स्वेटरच्या आत बनियन पिळून काढावा इतका भिजलेला. छातीला लावलेली बटणं घामानं निसटत होती. तीनदा टॉवेलनं पुसलं तेव्हा कुठं आलेख निघाला. डॉक्टरांनी तो बघितल्या बघितल्या त्यांना गाडीत घालून मिरजेला हलवलं. ते वाचले. पण हृदय कायमचं अशक्त झालं. आज त्यांच्या बागेला औषध मारायला दुसरा माणूस लागतो. दोन ते सात, हे पाच तास फार महागात पडले.

हृदयाच्या स्नायूला रक्त नेणाऱ्या वाहिनीत चरबीचा थर साचलेला असतो. त्याला चीर पडली की तिथं रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. ठिबकची नळी चोकली की पुढची वेल सुकते, तसंच. फरक एवढाच की वेल पाणी सोडल्यावर सावरते, मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी (आतून फुगा घालून वाहिनी मोकळी करणं), जे काही करायचं ते पहिल्या दोन-तीन तासांत झालं तर सगळ्यात जास्त स्नायू वाचतो.

दुखणं ओळखायचं कसं? सिनेमात दाखवतात तशी छातीत एकदम कळ येऊन माणूस कोसळतोच असं नाही. बहुतेक जण सांगतात, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं होतंय. बोटानं नेमकी जागा दाखवता येत नाही, सगळा पंजा छातीवर ठेवून दाखवतात. ते दुखणं डाव्या हातात उतरतं, कधी दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत, कधी बेंबीच्या वरच्या भागात. पित्ताशी गल्लत होते ती इथंच. दरदरून घाम, मळमळ, धाप, डोळ्यापुढं अंधारी यातलं काही सोबत असेल, तर पित्ताचा विचार डोक्यातून काढा. सोड्यानं ढेकर येऊन बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं मुळीच नाही.

बायका, वयस्कर माणसं आणि साखरेचे रुग्ण यांच्यात छाती दुखतेच असं नाही. नुसती धाप लागते, किंवा अंगातलं त्राण गेल्यासारखं होतं. चार पायऱ्या चढून बसावंसं वाटणाऱ्या मावशी "वय झालं" म्हणतात. कालपर्यंत तेच काम सहज होत होतं का, हे त्यांना विचारा.

गाडी येईपर्यंत रुग्णाला बसवून किंवा टेकवून ठेवा, चालवू नका, दुचाकीवर नेऊ नका. ॲस्पिरिनची गोळी चघळायला देतात, पण ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर ती धोक्याची, म्हणून १०८ वर विचारूनच द्या. हृदयाच्या रुग्णांना जिभेखाली ठेवायला देतात ती गोळी शेजाऱ्याची घेऊन देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर आणखी उतरतो.

कार्डिओग्राम नॉर्मल आला तरी दुखणं थांबलं नसेल तर घरी जाऊ नका. झटक्याच्या सुरुवातीला आलेख साफ दिसू शकतो. हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, पण त्यालाही काही तास लागतात, म्हणून दवाखान्यात कार्डिओग्राम आणि ही रक्ततपासणी दोन्ही पुन्हा करतात.

आता, काही दुखत नसताना यायचं ते आमच्याकडे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, असं २००४ च्या इंटरहार्ट या जागतिक अभ्यासात दिसलं. त्यामुळं साठीची वाट बघू नका. तंबाखू, बिडी, मिश्री चालू असेल, घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर तिशी-पस्तिशीतच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. मोठ्या पॅकेजची सगळ्यांना गरज नसते. डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच करा, आम्हीही तेच सांगू. चालताना छाती भरते आणि थांबलं की कमी होते, असं होत असेल तर मात्र तपासणीच्या आधी डॉक्टर गाठा, आजच.

कार्डिओग्रामला उपाशी यावं लागत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. तो कागद मात्र उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवला की आलेख पुसट होतो. लगेच झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. पुढं कधी रात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा जुना कार्डिओग्राम मागतात.