शोकातून घडलेली माती: भाजायची, विरघळवायची की जपून ठेवायची?

बडोद्यात शोकात असलेल्या माणसांसाठी चित्र-मातीकामाची बैठक बसवायची म्हटली, की साहित्याचा प्रश्न लगेच सुटतो. अडतं ते शेवटी. घडवलेल्या वस्तूचं काय करायचं? शिल्पकार म्हणतात भाजा, घरातली वडीलधारी म्हणतात पाण्यात सोडा, समुपदेशक म्हणतात काम संपेपर्यंत कपाटात राहू द्या. प्रत्येकाच्या मागे वेगळा इतिहास आहे.

घरचा इतिहास सगळ्यात जुना आणि दांडियाबाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांना तो सांगायला नको. दहा दिवस जीवखडा सांभाळायचा, दहाव्याला हाताने पिंड वळायचे, कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववायचा. म्हणजे शोकात हाताने काहीतरी घडवणं आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. घडवलेलं ठेवायचं मात्र नाही, ते पाण्यात जातं. त्याच घराच्या देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक पिढ्यान् पिढ्या पुजले जातात, हेही विसरू नये. सोडणं आणि ठेवणं या दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदत आल्या आहेत.

राजघराण्यांनी ठेवण्याची बाजू दगडात बांधली. इंदूरला कृष्णपुऱ्याच्या आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या छत्र्या आहेत, बडोद्यात १९३६ चं कीर्तिमंदिर आहे. कीर्तिमंदिराच्या भिंतींवरची चित्रं १९३९ ते १९४६ या काळात झाली. त्यांत गंगावतरण आहे, मीराबाई आहे, महाभारताचं युद्ध आहे. स्मृतिस्थळाच्या भिंतीवर मृतांच्या चेहऱ्यांऐवजी कथा रंगवली गेली, याकडे शोककाम करणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवं.

कलाशिक्षणाचा धागा बडोद्यातल्या कलाभवन या १८९० च्या शिक्षणसंस्थेपासून सुरू होतो आणि १९४९ मध्ये विद्यापीठ झाल्यावर जाड होतो. फोटो समोर ठेवून अर्धपुतळा करण्याची सवय त्याआधीपासून होती आणि आजही शोकात असलेला माणूस पहिल्या दिवशी फोटोच घेऊन येतो. पुतळ्याच्या ओतकामात मूळ माती टिकत नाही. मातीच्या कामावर प्लास्टरचा साचा चढवतात, आतली माती उकरून काढतात आणि ओतीव काम बाहेर आल्यावर तो साचाही फोडतात. शिल्पकाराला याचं काही वाटत नाही. वडिलांचा चेहरा महिनाभर घडवलेल्या मुलीला ती माती उकरताना बघवत नाही. हे आधी सांगितलं नाही तर ती पुन्हा येत नाही.

तिसरा इतिहास दवाखान्याचा. १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये कलेने उपचार या कल्पनेला नाव मिळालं. ते देणारा चित्रकार स्वतः क्षयाचा रुग्ण होता आणि सॅनेटोरियममध्ये खाटेवर बसून चित्रं काढत असे. त्याच दशकात अमेरिकेत मनोविश्लेषणाच्या अंगाने हे काम वाढलं. १९६० च्या दशकात दोन्ही देशांत व्यावसायिक संघटना झाल्या. चित्र हे रुग्णाच्या नोंदीसारखं गोपनीय, ते काम संपेपर्यंत सुरक्षित ठेवायचं आणि मग रुग्णाबरोबर बसून ठरवायचं, ही शिस्त तिथून आली. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याखाली होते. मातीकाम घेणाऱ्याला मात्र तसं बंधन नाही, म्हणून शिस्त ज्याची त्याने पाळायची. २०२२ मध्ये दीर्घकाळ न ओसरणारा शोक जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आणि अमेरिकेच्या निदानग्रंथात विकार म्हणून नोंदला गेला. पहिल्यात किमान सहा महिन्यांची अट आहे, दुसऱ्यात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. वर्षश्राद्धाची मुदत पाळणाऱ्या समाजाला बारा महिने तरी ओळखीचे वाटतात, सहा महिने फारच घाईचे आहेत. या कामाला लागणारा वेळ बघायचा तर एका जर्मन शिल्पकार आईचं उदाहरण पुरेसं आहे. तिचा मुलगा ऑक्टोबर १९१४ मध्ये युद्धात पडला. पहिल्या आराखड्यात मुलगा आडवा होता आणि आईबाप त्याच्या उशापायथ्याशी. मधली काही वर्षं काम थांबलं. १९३२ मध्ये बेल्जियमच्या दफनभूमीत बसले ते फक्त गुडघे टेकलेले आईबाप. मुलगा त्यात नाही.

आता मूळ वाद. भाजायचं ठरलं तर ते पहिल्या दिवशीच ठरायला हवं, कारण माती, जाडी आणि आधार त्यावर अवलंबून असतात. गणपतीची शाडू भट्टीसाठी घेऊ नये, कुंभारकामाची माती घ्यावी. तळहाताएवढ्या वस्तूला एक ते दीड किलो पुरते. भिंत दोन सेंटिमीटरच्या आत ठेवावी. जाड भाग निम्मा सुकल्यावर कापून आतून पोखरावा, कडांवर रेघोट्या ओढून मातीच्या घोळाने पुन्हा जोडावा आणि खाली सुईने भोक पाडावं. आत तार राहिली तर माती आकसताना तिच्याभोवती तडकते. माती सुकून भाजेपर्यंत साधारण दहावा हिस्सा आकसते, म्हणून हाताचं माप घेऊन केलेला हात लहान निघतो आणि ‘हा त्यांचा नाही’ असं लोक म्हणतात. हेही आधीच सांगावं.

बडोद्याच्या मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेलं काम जोडावर फाटतं, ते ओल्या कापडात आणि प्लास्टिकमध्ये सावकाश सुकवावं लागतं. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे लागतात. भट्टीत वस्तू फुटते ती बहुतेक वेळा आत उरलेल्या ओलाव्याच्या वाफेने. म्हणून शंभर अंशांच्या खाली काही तास थांबायचं, ५७३ अंशांच्या आसपास पुन्हा हळू जायचं आणि ९०० ते ९५० वर संपवायचं. एवढं करूनही काम फुटू शकतं आणि फुटलेला चेहरा घरच्यांसाठी दुसरा मृत्यू असतो. चेहरा भाजायचाच असेल तर त्याचा प्लास्टरचा साचा आधी घेऊन ठेवावा.

रक्षा मातीत मिसळण्याची मागणी हमखास येते. लाकडाच्या राखेत चुना भरपूर असतो. तिचे खडे राहिले तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, नंतर तो हवेतली ओल धरून फुगतो आणि काही दिवसांनी पृष्ठभागाचे टवके उडतात. त्यापेक्षा वस्तूत पोकळी ठेवून भाजल्यावर रक्षा आत ठेवणं चांगलं.

विरघळवायचं असेल तर शाडूच बरी. रंग, डिंक, कागदाचा लगदा काही नको. माती पूर्ण वाळलेली हवी. अर्धवट ओला गोळा दिवसभर पाण्यात तसाच राहतो, खडखडीत वाळलेली वस्तू बघता बघता ढासळते. विश्वामित्रीत मगरी आहेत, तिच्या काठी कोणाला नेऊ नये. घरच्या बादलीत विसर्जन करावं आणि गाळ कुंडीत घालावा.

२०२१ च्या वसंतातल्या कोरोनाच्या मृत्यूंनी हा वाद पुन्हा उकरला. अनेक घरांना देह बांधलेलाच मिळाला, दहावा नीट झाला नाही. अशा घरांत विरघळवणं हा राहून गेलेला विधी ठरतो आणि तिथे भाजण्याचा आग्रह धरणं चूक आहे. ऑनलाइन बैठकांसाठी दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि वाटीभर पाणी ही कृती चालते, पण कणकेत पिंड दिसतो म्हणून काही जण हात मागे घेतात. त्यांना कोळसा आणि कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, द्यावा. कोळसा पुसता येतो. पेन्सिल दिली की माणूस डोळ्यांच्या सारखेपणात अडकतो, म्हणून सुरुवात चष्मा, चपला, पानाचा डबा अशा वस्तूंपासून करावी.

कपाटात ठेवण्याची रीत बैठका चालू असेपर्यंतच योग्य आहे. त्यानंतर वस्तू करणाऱ्याची. प्रदर्शनासाठी मागितली तर शोकाच्या पहिल्या वर्षात दिलेली परवानगी धरू नये, वर्षश्राद्धानंतर पुन्हा विचारावं. एका घरात दोघांचं मत वेगळं असेल, एकाला भाजायचं आणि दुसऱ्याला सोडायचं असेल, तर प्रत्येकाने आपली वेगळी वस्तू करावी. त्यासाठी माती पहिल्या दिवशी दुप्पट मळून ठेवावी लागते.